‘आणिमग’चं पान : एका वर्गाने आपली शाळा कशी आठवली

स्मरणिकेचा कच्चा खर्डा वर्गभर फिरून माझ्या टेबलावर परत आला तेव्हा त्यात पेन्सिलीच्या दोनच दुरुस्त्या होत्या. पहिली होती पहिल्या वर्षीच्या वर्गाच्या फोटोखाली. तिसऱ्या ओळीतलं डावीकडून चौथं नाव खोडून वर बारीक अक्षरात दुसरं नाव लिहिलं होतं. दुसरी टोपणनावांच्या पानावर होती. ‘आणिमग’ या शब्दावर एक आडवी रेघ मारलेली होती, बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाकीच्या पानांवर मुलांनी हसरे चेहरे, बाण आणि ‘भारी!’ असे शेरे काढले होते. खर्डा सगळ्यांना आवडला होता, मलाही. त्या दोन रेघा मी जवळजवळ नजरेआड केल्याच होत्या. त्यानंतरचे सात आठवडे काय काय झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे. शाळा सोडताना प्रत्येक वर्ग मागे वळून बघतो, आणि हे बघणं आम्ही शिक्षक सहसा मुलांच्या हौसेवर सोडून देतो. मीही तेच केलं होतं. संबंधित मुलांना विचारूनच हे लिहिलं आहे आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

वर्ग आणि समिती

वर्ग ४१ जणांचा. बहुतेक जण पाच वर्षं एकत्र शिकलेले, काही मधल्या वर्षांत येऊन मिळालेले. मी त्यांची वर्गशिक्षिका दुसऱ्या वर्षी होते आणि पुन्हा या शेवटच्या वर्षी. स्मरणिकेची कल्पना मुलांची. सात जणांची समिती झाली, आणि तिची प्रमुख म्हणजे कुठलंही काम अंगावर घेऊन शेवटापर्यंत नेणारी मुलगी. समितीत कुणी कुणाला मुद्दाम डावललं नव्हतं. ज्यांनी हात वर केले ते आत आले. मात्र हात वर करणारे पाचही वर्षं तेच होते, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

पहिली बैठक एका ऑफ तासाला सगळ्या वर्गासमोर झाली. ‘काय काय आठवतंय ते सांगा’ असं म्हणत प्रमुख मुलीने खडू घेतला आणि अर्ध्या तासात फळा भरला. शेवटच्या वर्षाची सहल, तिथे चुकलेली बस, आंतरवर्गीय सामन्यातला शेवटचा गोल, प्रयोगशाळेत फुटलेलं चंचुपात्र आणि त्याचा आळ कुणावर आला ती कहाणी, एका सरांची बोलण्याची लकब, स्नेहसंमेलनातलं नाटक. एकाने सुरुवात केली की दुसरा ती पुरी करायचा आणि तिसरा त्यावर कडी करायचा. हसून हसून मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मागच्या दोन रांगांतून त्या अर्ध्या तासात एकही गोष्ट फळ्यावर आली नाही. त्या रांगाही हसत होत्या, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही.

त्या फळ्यावरून खर्डा तयार झाला. ४८ पानांपैकी १४ पानं एकट्या सहलीची होती.

सहलीला १४ पानं का?

मी मानसशास्त्राची पदवीधर आहे. पुढे शिकवायला भाषा घेतली, पण आठवणींवरचं वाचन सुटलं नाही. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू जेमतेम एका अंशाने कोमट केलं गेलं. त्रास दुसऱ्या खेपेला जास्त वेळ होता. तरीही पुन्हा यातलं एक करायचं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं. अनुभव किती लांबला याला आठवणीत फारसं मोल नसतं. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांनाच वजन येतं.

सहल शेवटच्या वर्षी झाली, आणि गोडीत झाली. पाच वर्षांच्या रोजच्या सात-आठ तासांवर त्या तीन दिवसांनी पांघरूण घातलं. त्याबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, आठवण अशीच चालते. पण स्मरणिका छापून झाली की तीच आठवणीच्या जागी जाऊन बसते. वीस वर्षांनी कुणी ती उघडली तर त्याला वाटेल, आपली शाळा म्हणजे ती सहलच.

पहिली रेघ : तिसऱ्या ओळीतली मुलगी

फोटोतली दुरुस्ती कुणाची हे शोधायला वेळ लागला नाही, अक्षर ओळखीचं होतं. ती मुलगी पहिल्या दिवसापासून या वर्गात होती. समितीने तिच्या चेहऱ्याखाली ज्या मुलीचं नाव घातलं होतं ती वर्षभराने शाळेत आली होती, म्हणजे त्या फोटोत ती असणंच शक्य नव्हतं.

समितीची मुलं ओशाळली. ‘बाई, चेहरा ओळखीचा वाटत होता हो, नाव आठवेना,’ एक जण म्हणाला. तो खरंच बोलत होता. हॅरी बॅरिक, फिलिस बॅरिक आणि रॉय विटलिंजर यांनी १९७५ मध्ये १७ ते ७४ वयाच्या ३९२ जणांना त्यांच्या शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या वार्षिकांकांवरून तपासलं होतं. शाळा सोडून ३५ वर्षं झाल्यावरही अनेक चेहऱ्यांमधून आपल्या वर्गातला चेहरा ओळखण्यात लोक सुमारे ९० टक्के बरोबर होते. समोर काही न ठेवता वर्गमित्रांची नावं सांगा म्हटल्यावर मात्र त्यांना त्यातली थोडीच सांगता आली. चेहरा टिकतो, नाव निसटतं. आमच्या वर्गात तर ती मुलगी अजून रोज समोर बसत होती, आणि तरी पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत तिचं नाव निसटलं.

तिला मी विचारलं, ‘आधी का नाही सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘सांगितलं की, लिहून.’

दुसरी रेघ

ही जास्त अवघड होती.

दुसऱ्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एका मुलाने कथाकथन केलं होतं. गोष्ट पाठ होती आणि सुरुवात झकास झाली. मध्येच ‘आणि मग...’ म्हणून तो थांबला. पुन्हा ‘आणि मग...’. तिसऱ्यांदा तेच. सभागृहात खसखस पिकली. चौथ्या ‘आणि मग’ला मोठा हशा झाला आणि तो तसाच आत निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो ‘आणिमग’ झाला. ‘ए आणिमग, पास दे.’ ‘आणिमग, वही दे ना.’ तीन वर्षं. तो या नावाला ओ द्यायचा. मीही एकदोनदा त्याला त्याच नावाने हाक मारली असेल. नाही, असेल कशाला, मारली आहे.

समितीला मी सांगितलं की त्याने ते नाव खोडलंय, तर ते काढूया. त्यांना ते मनापासून कळेना. ‘बाई, तो तर स्वतःच हसतो त्यावर. उलट हे प्रेमाचं नाव आहे.’ ज्याने ते पाडलं होतं तो मुलगा तर दुखावलाच. त्याच्या दृष्टीने ते नाव म्हणजे दोघांच्या मैत्रीची खूण होती.

मी त्या मुलाला एकट्याला बोलावलं. शब्द काढला जाईल हे सांगितलं आणि धीर द्यायला म्हणून म्हणाले, ‘मला आठवतंय तो दिवस. तू आत आलास तेव्हा मी विंगेत होते, तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘नाही बाई. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तुम्हीपण हसलात.’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो फक्त चूक दुरुस्त करत होता.

माझी आठवण

त्या रात्री मी जुनी टाचणवही काढली. त्या तारखेला एकच ओळ होती : ‘स्नेहसंमेलन पार पडले. कार्यक्रम छान.’ विंगेचा उल्लेख नाही, त्या मुलाचा नाही. मला मात्र तो प्रसंग लख्ख दिसत होता. पडद्याचा मळका लाल रंग, त्याचा घामेजलेला सदरा, माझा हात.

आठवण किती लख्ख आहे यावरून ती खरी ठरत नाही, हे मी कितीदा वाचलं होतं. चॅलेंजर हे अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर लगेच कोसळलं. उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितली, काय करत होतात. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. पाव भाग विद्यार्थ्यांची उत्तरं पहिल्या उत्तरांशी एकाही मुख्य मुद्द्यावर जुळली नाहीत, आणि तरीही त्यांना आपल्या नव्या आठवणीची खात्री होती. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाचताना मी त्या विद्यार्थ्यांकडे लांबून बघितलं होतं. आता मी त्यांच्यातलीच होते.

माझ्या आठवणीने मला चांगली बाई करून ठेवलं होतं. त्याच्या आठवणीत मी हसणाऱ्यांपैकी एक होते. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या, आणि ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. छपाई तीन आठवड्यांवर आली होती. समितीला बोलावून मी सांगितलं की तारीख पुढे ढकलू. खर्डा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून आठवायचं. या वेळी प्रत्येकाने एकट्याने.

समितीचा राग

इथे माझी मोठी चूक झाली, ती लिहायलाच हवी. दीड महिना राबून मुलांनी केलेलं काम मी एका वाक्यात रद्द केलं. प्रमुख मुलगी उठून बाहेर गेली. नंतर जिन्यात भेटली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ‘आम्ही कुणाला नको म्हटलं होतं का? सगळ्यांना विचारलं होतं. बोलले नाहीत ते. आता आमचंच चुकलं?’

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिने खरंच सगळ्यांना विचारलं होतं. चूक होती ती विचारण्याच्या पद्धतीत, आणि त्या अर्ध्या तासात मी तिथेच बसलेली होते. हे मी तिला सांगितलं आणि नंतर समितीसमोरही सांगितलं. सहलीची चार पानं जशीच्या तशी ठेवायचं ठरलं. तिला लगेच पटलं असं नाही, दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण पुढच्या कामात सर्वांत जास्त बारकाई तिचीच होती.

सगळे मिळून आठवायला बसलो की जास्त आठवतं, अशी आपली पक्की समजूत असते, म्हणून समितीला मी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. मेरी सुसान वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की तीन जणांनी एकत्र बसून जेवढं आठवलं, त्याहून जास्त तिघांनी वेगवेगळं आठवून याद्या एकत्र केल्यावर निघालं. दुसऱ्याचं बोलणं ऐकता ऐकता आपल्या डोक्यातला धागा तुटतो आणि हाताशी आलेलं निसटतं. दुसरं जास्त काळजीचं आहे. फियोना गॅबर्ट, अमिना मेमन आणि केविन अ‍ॅलन यांनी २००३ मध्ये जोडीतल्या दोघांना एकाच घटनेच्या वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या चित्रफिती दाखवल्या. आपण दोघांनी एकच पाहिलंय असं त्यांना वाटत होतं. मग दोघांनी त्यावर गप्पा मारल्या. नंतर एकेकट्याला विचारल्यावर ७१ टक्के जणांनी स्वतः न पाहिलेली, फक्त जोडीदाराकडून ऐकलेली किमान एक गोष्ट पाहिलेली म्हणून सांगितली.

आमच्या फळ्यासमोर नेमकं हेच चाललं होतं. चंचुपात्र फुटलं तेव्हा हजर नसलेली मुलंसुद्धा काचा कुठवर उडाल्या ते हाताने दाखवत होती.

चाळीस मिनिटं

एका शनिवारी सलग दोन तास मागून घेतले. बाक लांब लांब सरकवले. पहिल्या तासात लिहायचं, कुणाशी बोलायचं नाही, लिहिलेलं त्या दिवशी कुणाला दाखवायचं नाही. ‘तुमची सर्वांत सुंदर आठवण’ असं मी मुद्दाम विचारलं नाही. त्याने पुन्हा सहलच आली असती. छोटे, जागेला धरून असलेले प्रश्न दिले. पहिल्या वर्षी कुठल्या बाकावर बसायचात, खिडकी कुठल्या हाताला होती, शेजारी कोण होतं? शाळेत एकटं बसावंसं वाटलं की कुठे जायचात? कुणाचं कुठलं वाक्य अजून कानात आहे? वर्गात घडलेली, पण तुम्ही कुणाजवळही न बोललेली एखादी गोष्ट आहे का?

शेवटचा प्रश्न मी पुन्हा देणार नाही, निदान अशा बेफिकिरीने तरी नाही. एका पानावर असं काही आलं की मला त्याच दिवशी शाळेच्या समुपदेशकांकडे जावं लागलं. त्या मुलाला मदत मिळाली, पण तो प्रश्न विचारण्याआधी समुपदेशकांना वर्गात बोलावून ठेवणं हे माझं काम होतं.

पहिली दहा मिनिटं मुलं पेनं चावत बसली होती. मग एकेक मान खाली गेली. चाळिसाव्या मिनिटाला घंटा झाली तेव्हा बरेच जण ‘थांबा, थांबा’ करत होते. दोघांनी मिळून चार ओळीही लिहिल्या नव्हत्या. ते तसंच राहू दिलं.

काय निघालं ते सांगायला बसले तर हा लेख संपणार नाही. ग्रंथालयामागच्या तीन पायऱ्या नऊ जणांच्या पानांवर होत्या. प्रत्येकाला वाटत होतं की ती जागा फक्त आपल्यालाच माहीत आहे. खिडकीची कडी निघाली होती, ती एका मुलाने बुटाच्या नाडीने बांधली आणि ती नाडी दोन वर्षं तशीच राहिली. एका मुलीने लिहिलं होतं की पहिल्या वर्षभर तिला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. सगळ्यांना असंच अंधुक दिसतं असं वाटून ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. चष्मा दुसऱ्या वर्षी लागला. शेजारणीच्या पानावर होतं : ‘ती माझ्या वहीत डोकवायची तेव्हा मी मोठ्या अक्षरात लिहायला लागले.’ या दोघी आजही मैत्रिणी आहेत, पण हे एकमेकींशी कधी बोललेल्या नव्हत्या.

सर्वांत अनपेक्षित होता तो तिसऱ्या वर्षी शाळा सोडून गेलेला मुलगा. खर्ड्यात त्याचं नावही नव्हतं. त्याच्याबद्दल अकरा जणांनी लिहिलं. मग आम्ही जुने हजेरीपट काढले आणि लाल शाईने कमी केलेली नावं शोधली. पाच वर्षांत सहा जण गेले होते. त्या सहा जणांची नावं आता पहिल्याच पानावर आहेत.

घसरलेला मुलगा

दुसऱ्या तासात एक छोटा प्रयोग केला. प्रत्येकाने पहिल्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेतले गणिताचे गुण आठवून चिठ्ठीवर लिहायचे. मग मी निकालपत्रक उघडून एकेकाला त्याचे खरे गुण दाखवले, फक्त त्याचे त्याला. ज्यांना चांगले गुण होते त्यांना ते बरोबर आठवत होते. ज्यांना कमी होते त्यांतल्या बहुतेकांनी वाढवून लिहिले होते. फसवायचा विचार कुणाच्याही मनात नव्हता. बॅरिक, हॉल आणि बर्गर यांनी १९९६ मध्ये ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शालेय श्रेणी अशाच ताडून बघितल्या होत्या. ‘ए’ श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, ‘डी’ श्रेणी फक्त २९ टक्के वेळा, आणि चुकलेल्या उत्तरांमध्ये श्रेणी वाढवून सांगण्याकडेच कल होता.

हे वाचलेलं असूनही एका मुलाच्या बाबतीत मी चकित झाले. तो नेहमी म्हणायचा, ‘मी आधी हुशार होतो, मग घसरलो.’ घरचेही तसंच म्हणायचे. चिठ्ठीवर त्याने ७८ लिहिले. निकालपत्रकात ५२ होते, आणि या वर्षीच्या सहामाहीत ६१. तो कधी घसरलाच नव्हता. निकालपत्रक त्याने हातात धरलं, आकड्याखाली बोट ठेवलं, मग पुढच्या वर्षाचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. ‘म्हणजे मी चढतोय?’ असं त्याने विचारलं, ते मला की स्वतःला ते कळलं नाही. पाच वर्षं तो जी उंची गमावल्याचं दुःख करत होता, तिथे तो कधी पोहोचलेलाच नव्हता.

मागे वळून बघताना जुनी कागदपत्रं हाताशी हवीत, असं मी त्यासाठीच म्हणते. हजेरीपट, निकालपत्रकं, भित्तिपत्रकाचे जुने अंक, ग्रंथालयाची नोंदवही, मुलांच्या जुन्या वह्यांची शेवटची पानं. आठवण खोटी पाडणं हा त्यामागचा हेतू नव्हे. माणसाने स्वतःबद्दल धरलेली एखादी चुकीची, जाचणारी समजूत अशाने सुटू शकते.

विंगेत कोण होतं

लिहिलेली पानं मी घरी नेऊन वाचली. ३९ जणांनी वाचायची परवानगी दिली होती, दोघांनी घडी घालून वर ‘फक्त माझं’ लिहिलं होतं. ती दोन पानं न उघडता परत केली. वाचून झाल्यावर आणखी चौघांनी आपली पानं छापायला नकार दिला. ज्याचं पान त्याचा अधिकार, हा नियम आधीच केला होता म्हणून वाद झाला नाही.

तिसऱ्या ओळीतल्या मुलीचं पान शेवटून पाचवं होतं. कुणालाही न सांगितलेल्या गोष्टीच्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं :

‘दुसऱ्या वर्षी कथाकथनाला विंगेत कागद घेऊन उभं राहायचं काम माझं होतं. तो अडला तेव्हा पुढचं वाक्य माझ्या हातात होतं : “आणि मग दार उघडलं.” मी ते म्हटलं, पण इतक्या हळू की त्याला ऐकू गेलं नाही. मोठ्याने म्हटलं तर समोर ऐकू जाईल म्हणून घाबरले. विंगेत तेव्हा मी एकटीच होते. तो माझ्या बाजूने निघून गेला. त्याला आणिमग म्हणतात तेव्हा मला वाटतं ते माझं नाव आहे.’

‘विंगेत तेव्हा मी एकटीच होते.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. मी तिथे नव्हते. कुठल्या तरी दुसऱ्या वर्षीचा, दुसऱ्या मुलाच्या पाठीवरचा हात माझ्या मनाने उचलून इथे आणून ठेवला होता.

तिची परवानगी घेऊन ते पान मी त्याला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. ती विंगेत होती हेच त्याच्या लक्षात नव्हतं. अडल्यावर पडद्याकडे बघितल्याचंही त्याला आठवत नव्हतं. त्याने विचारलं, ‘ही तेव्हापासून...?’ आणि वाक्य पुरं केलं नाही.

छापलं ते

शेवटी स्मरणिका ६४ पानांची झाली. टोपणनावांचं पान काढलं नाही, बदललं. ज्याला आपलं नाव हवं होतं त्यानेच ते लिहून दिलं आणि कुठून आलं तेही सांगितलं. सात जणांनी दिलं नाही. एकाच प्रसंगाच्या दोन-तीन आठवणी जुळत नसतील तिथे आम्ही त्या शेजारी शेजारी छापल्या. बरोबर कोण याचा निवाडा केला नाही. चंचुपात्राच्या तीन हकिगती आहेत, आणि तिसरी ज्याच्यावर आळ आला होता त्याची आहे.

कथाकथनाच्या दिवसाला दोन समोरासमोरची पानं मिळाली. डावीकडे त्या मुलाच्या अकरा ओळी आणि खाली तिचं पान. उजवीकडे ज्याने नाव पाडलं त्याचं. ते त्याने तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्ही वेळी तो स्वतःची बाजू मांडत होता. तिसऱ्यांदा त्याने फक्त त्या दिवशी आपण कुठे बसलो होतो, काय ऐकलं आणि का हसलो एवढंच लिहिलं. त्या दोघांमध्ये पूर्वीसारखं राहिलेलं नाही, एक अवघडलेपण आलं आहे. ते मिटेल की नाही हे त्या दोघांवर आहे, आणि त्यात मी पडायचं नाही असं ठरवलं आहे. उजव्या पानाच्या तळाशी माझ्या चार ओळी आहेत. मी विंगेत नव्हते, मी पहिल्या रांगेत होते, मला माझं हसू आठवत नाही, त्याला आठवतं.

शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे आवडलं नाही. निरोपाच्या वेळी मुलांना गोड तेवढंच द्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण साठी गाठलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर काळाच्या मानाने खूपच जास्त निघतात. डेव्हिड रुबिन, स्कॉट वेट्झलर आणि रॉबर्ट नेब्स यांनी १९८६ मध्ये ही गोष्ट मांडली आणि नंतर ती वारंवार दिसून आली आहे. ही पाच वर्षं या मुलांबरोबर म्हातारपणापर्यंत जाणार आहेत. त्यांतल्या काहींना ती अर्धीच का द्यायची?

छपाईच्या आदल्या दिवशी प्रुफं तपासायला चौघे थांबले होते. कथाकथन केलेला तो मुलगा आपलं पान घेऊन खिडकीशी बसला. बाकीच्यांची पानंही त्याने वाचून काढली होती. त्या दिवसाबद्दल एकूण सहा जणांनी काही ना काही लिहिलं होतं. त्यातल्या दोघांना हसू आलं नव्हतं, एकाला गोष्ट पुढे काय होती तेच हवं होतं. त्याने माझ्याकडे लाल पेन मागितलं. सातव्या ओळीत ‘सगळे हसले’ असं होतं. ‘सगळे’ खोडून त्याने वर लिहिलं, ‘बरेच जण’. मग पान त्या मुलीकडे सरकवलं आणि विचारलं, ‘दार उघडल्यावर पुढे काय होतं गं? माझा कागद तुझ्याकडेच राहिला ना?’